ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजातून अधिक डॉक्टर घडावेत यासाठी खरोखर काय उपयोगी पडते?

शरयू

मी न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडील एका लहान गावात जीपी, म्हणजे सर्वसाधारण उपचार करणारी डॉक्टर, म्हणून काम करते. एमबीबीएस महाराष्ट्रात केले आणि ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलच्या परीक्षा देऊन येथे आले. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला १९७३ च्या हेल्थ इन्शुरन्स कायद्यातील कलम १९एबीमुळे साधारणपणे दहा वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याखाली काम करता येते, हे येथील मराठी डॉक्टरांना सांगायला नको. त्यामुळे आमच्या दवाखान्यात भारत, श्रीलंका, पाकिस्तान, नायजेरिया अशा देशांतून आलेले डॉक्टर आहेत, रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास ॲबोरिजिनल, म्हणजे येथील मूळ रहिवासी, आहेत, आणि या भागात लहानाचा मोठा झालेला ॲबोरिजिनल डॉक्टर मात्र एकही नाही. मुदत संपली की आमच्यापैकी बहुतेक जण सिडनी किंवा मेलबर्नची वाट धरतात, आणि रुग्णाला आपली सगळी हकीकत पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून मांडावी लागते.

यंदा एक ॲबोरिजिनल विद्यार्थिनी प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी आमच्याकडे काही आठवडे होती. मधुमेह असलेल्या ज्या आजी डॉक्टरांशी होय-नाही यापलीकडे बोलत नसत, त्या तिच्यापाशी बसून आपण गोळ्या का बंद केल्या हे सविस्तर सांगू लागल्या. पैशांची अडचण नव्हती. त्यांच्या बहिणीला डायलिसिससाठी घरदार सोडून शेकडो किलोमीटर दूर राहावे लागले होते, आणि आपण दवाखान्याच्या हाती लागलो की आपलीही रवानगी तिकडेच होणार, ही भीती त्यांच्या मनात घर करून होती. आमच्या कोणत्याही नोंदीत याचा उल्लेख नव्हता.

२०२१ च्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजानुसार ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोक देशाच्या लोकसंख्येच्या ३.८ टक्के आहेत, पण डॉक्टरांमध्ये त्यांचे प्रमाण अजून एक टक्काही नाही. आता मला अशा विद्यार्थ्यांची आणि पुढे रजिस्ट्रारांची, म्हणजे पदवीनंतर विशेष प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांची, पर्यवेक्षक होण्याविषयी विचारण्यात आले आहे. होकार देण्यापूर्वी मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे की गेल्या चाळीस वर्षांत येथे जे प्रयत्न झाले त्यांतील कोणत्या गोष्टींनी खरा फरक पडला. दुसरे असे की, बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी रिकाम्या जागा भरत राहिल्यामुळे स्थानिक समाजातून डॉक्टर घडवण्याची निकडच कमी होते का, हा प्रश्न मला सतावतो. त्यावरही स्पष्टपणे लिहावे.

---

हंटरकाठ

शरयूताई, मी न्यूकॅसलमध्ये बरीच वर्षे जीपी आहे आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतो. थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय आजची आकडेवारी समजत नाही.

या देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय १८६२ मध्ये मेलबर्न विद्यापीठात सुरू झाले. पहिली ॲबोरिजिनल डॉक्टर, हेलन मिलरॉय, १९८३ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातून बाहेर पडली. मधली १२१ वर्षे कोणाची बुद्धी कमी पडली म्हणून गेली नाहीत. १९६७ च्या सार्वमतापर्यंत या लोकांची जनगणनेत रीतसर गणतीही होत नव्हती, मुले आईवडिलांपासून तोडून संस्थांमध्ये ठेवली जात होती, आणि कित्येक कुटुंबांच्या आठवणीत रुग्णालय म्हणजे मूल हिरावून नेले गेले ती जागा होती. अशा घरातील मुलीने डॉक्टर व्हायचे मनात आणणे हीच मोठी मजल होती.

न्यूकॅसल विद्यापीठाने १९८५ मध्ये ॲबोरिजिनल विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवेशमार्ग सुरू केला आणि पुढे बराच काळ देशातील ॲबोरिजिनल डॉक्टरांपैकी फार मोठा वाटा याच एका विद्यापीठातून बाहेर पडत राहिला. जागा राखून ठेवल्या म्हणून हे घडले, असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. येथे प्रवेशापूर्वी ‘मिरोमा बनबिला’ हा तयारीचा कार्यक्रम असतो. निवडीत ॲबोरिजिनल मंडळींचा सहभाग असतो. विद्यापीठात ॲबोरिजिनल शिक्षक व कर्मचारी आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्गात तुमच्यासारखे आणखी कोणीतरी असते. ज्या महाविद्यालयांनी दर वर्षी एखाद-दुसरा विद्यार्थी घेतला आणि त्याला शंभर-दीडशे जणांत सोडून दिले, त्यांच्याकडे गळती होत राहिली आणि मग ‘ही मुले टिकत नाहीत’ असा निष्कर्ष काढला गेला. एकट्या विद्यार्थ्याची गळती ही प्रवेशाच्या दिवशीच ठरलेली असते, असे मी अनुभवाने म्हणतो.

टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठाने तर २००० मध्ये वैद्यकीय शाखा सुरू करतानाच ग्रामीण, उष्णकटिबंधीय आणि आदिवासी आरोग्य हेच आपले प्रयोजन मानले. तेथे यूकॅट ही स्पर्धापरीक्षा लागत नाही. लेखी अर्ज, शाळेतील गुण आणि मुलाखत यांवर निवड होते. महागड्या शिकवणीवर उभ्या असलेल्या परीक्षेला बगल दिली की कोणकोणत्या घरांतील मुले दारापर्यंत येऊ शकतात, हे तेथे पाहायला मिळते.

तरीही प्रवेश हा सोपा भाग आहे. अवघड भाग पदवीनंतर सुरू होतो, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. येथे विशेषज्ञ होण्याची वाट विद्यापीठांच्या हातात नसून स्पेशालिस्ट कॉलेजांच्या, म्हणजे त्या त्या शाखेतील विशेषज्ञांच्या संस्थांच्या, हातात आहे. त्यांची शुल्के मोठी, परीक्षा कठीण आणि बदल्या शहराशहरांत. केल्विन काँग हे २००७ मध्ये रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ सर्जन्सचे पहिले ॲबोरिजिनल फेलो, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण केलेले मान्यताप्राप्त विशेषज्ञ, झाले. ते वोरिमी समाजाचे, कान-नाक-घशाचे शल्यविशारद, आणि येथेच न्यूकॅसलमध्ये काम करतात. ॲबोरिजिनल मुलांमधील कानाच्या जुनाट संसर्गामुळे ऐकू कमी येते, बोलणे उशिरा येते आणि शाळेत मागे पडणे तेथूनच सुरू होते, हा विषय त्यांनी सातत्याने लावून धरला. पहिला ॲबोरिजिनल नेत्रविशारद, क्रिस्टोफर रॅला-बेकर, तयार व्हायला मात्र २०१८ उजाडले. म्हणजे पहिल्या पदवीपासून ३५ वर्षे! ज्या देशात ट्रॅकोमा या डोळ्यांच्या रोगाचा भार दुर्गम ॲबोरिजिनल वस्त्यांवर इतकी दशके पडत आला, तेथे ही दिरंगाई मला आजही अस्वस्थ करते.

या सगळ्यात एका संघटनेचे काम मोलाचे आहे. १९९७ मध्ये न्यू साउथ वेल्समधील सॅलमँडर बे येथे त्या वेळचे मोजके ॲबोरिजिनल डॉक्टर आणि विद्यार्थी एकत्र जमले आणि त्यातून ऑस्ट्रेलियन इंडिजिनस डॉक्टर्स असोसिएशन, म्हणजे आयडा, उभी राहिली. विद्यार्थ्याला वरिष्ठाची साथ मिळवून देणे, वार्षिक मेळाव्यात स्पेशालिस्ट कॉलेजांच्या लोकांशी थेट गाठ घालून देणे आणि विशेषज्ञ प्रशिक्षणात असलेल्यांना आधार देणे ही कामे ती करते. तुमच्या विद्यार्थिनीचा आयडाशी संबंध आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

आता पर्यवेक्षक म्हणून एक कळकळीची सूचना. दवाखान्यात आलेला प्रत्येक ॲबोरिजिनल रुग्ण तिच्याकडे पाठवू नका, प्रत्येक सांस्कृतिक प्रशिक्षणाला तिला वक्ता म्हणून उभे करू नका आणि समितीत एक आदिवासी चेहरा हवा म्हणून तिला बसवू नका. अशा कामांचे ओझे रुग्णालयांतील तरुण ॲबोरिजिनल डॉक्टरांवर सर्रास पडते. त्यासाठी ना वेळ मिळतो, ना मोबदला, आणि अभ्यासाला मात्र तीच परीक्षा असते. आजींच्या प्रसंगात तुम्हाला जे दिसले ते अमूल्य आहे, पण ती तेथे मधुमेह शिकायला आली होती, आमच्यासाठी दुभाषी व्हायला नव्हे. तिला हृदयाचे ठोके, ईसीजी, प्रसूती, टाके, सगळे शिकवा.

---

तापीतीर

मी धुळे-नंदुरबार पट्ट्यात वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित आहे. विषय ऑस्ट्रेलियाचा आहे आणि तो तसाच राहावा, परंतु वरील प्रतिसादातील दोन मुद्दे वाचून आमच्याकडील अनुभव नोंदवणे उपयोगी ठरेल असे वाटते.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या ९.३५ टक्के आहे आणि राज्याच्या कोट्यात त्यांच्यासाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे ऑस्ट्रेलियाने ज्या टप्प्यावर पोहोचण्यासाठी इतका खटाटोप केला, तो टप्पा कायद्याने आपल्याकडे फार पूर्वी आला. पण जागा कोणाला मिळाली, हा प्रश्न आपल्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. १९९४ चा कुमारी माधुरी पाटील खटला वैद्यकीय प्रवेशातूनच उद्भवला होता: महादेव कोळी असल्याच्या दाखल्यावर दोन बहिणींना प्रवेश मिळाला होता आणि तो दावा न्यायालयाने फेटाळला. आज राज्यात ज्या पडताळणी समित्या आहेत त्यांची चौकट त्या निकालाने घालून दिली. समित्या आवश्यकच आहेत. मात्र धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातील खऱ्या आदिवासी मुलालाही आजोबांचा शाळेचा दाखला शोधत महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागतात, कारण आजोबा शाळेतच गेलेले नसतात. ऑस्ट्रेलियात वंश, स्वतःची ओळख आणि समाजाची मान्यता असे तीन निकष लावतात आणि समाजाची मान्यता स्थानिक ॲबोरिजिनल संस्था लेखी देते, असे मी वाचले आहे. समाजाच्या स्वतःच्या संस्थेला असा अधिकार देणे आपल्याकडे जमेल का, याची चर्चा व्हायला हवी.

दुसरा मुद्दा एकटेपणाचा. मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असलेल्या डॉ. पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला. त्या तडवी भिल्ल समाजाच्या होत्या, त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचे होते आणि जातीवरून होणाऱ्या छळाची तक्रार त्यांच्या कुटुंबाने केली होती. त्या घटनेनंतर आमच्या भागातील अनेक घरांत मुलीला पदव्युत्तर शिक्षणासाठी शहरात पाठवायचे की नाही, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. एखाद्या विभागातील वागणुकीची किंमत त्या एकाच विद्यार्थिनीला मोजावी लागत नाही. तिच्या मागे येणाऱ्या मुलींच्या वाटाही तेथेच अडतात.

नंदुरबार जिल्ह्यात जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी आहेत आणि तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये आले. महाविद्यालय घराजवळ आल्यामुळे भिल्ल, पावरा, मावची, कोकणा घरांतील मुलांना डॉक्टर हा माणूस रोजच्या रस्त्यावर दिसू लागला, याचे मोल मी फार मानतो. पण त्या संस्थांच्या कारभारात आदिवासी समाजाला स्वतःचा आवाज नाही, आणि ऑस्ट्रेलियाकडून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट तीच आहे असे माझे मत आहे. तेथील जाणकारांनी त्याविषयी अधिक लिहावे.

---

जुने बाड

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा एक दुवा येथे नोंदवतो.

आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी मार्च १८८६ मध्ये मिळाली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्या महाविद्यालयात सुझन ला फ्लेश नावाची एक तरुणी दाखल झाली. ती नेब्रास्कातील ओमाहा जमातीची. डॉक्टरला वारंवार निरोप पाठवूनही तो आला नाही आणि एक ओमाहा स्त्री आपल्या डोळ्यांदेखत गेली, हा लहानपणचा प्रसंग तिने पुढे सांगितला आहे. १८८९ मध्ये ती वर्गात पहिली येऊन उत्तीर्ण झाली आणि वैद्यकीय पदवी मिळवणारी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांमधील पहिली स्त्री ठरली. आनंदीबाईंना आयुष्याने काम करू दिले नाही. १८८७ मध्ये त्या गेल्या. सुझन मात्र आपल्या लोकांत परतली, हजाराहून अधिक माणसांचा भार तिने जवळजवळ एकटीने वाहिला, प्रकृती ढासळल्यावर सरकारी पद सोडले, तरी काम थांबवले नाही, आणि १९१३ मध्ये वॉल्टहिल येथे रुग्णालय उभे केले. दोनच वर्षांनी तिचेही निधन झाले.

हे सांगण्याचे कारण असे की, असामान्य व्यक्तीच्या मागोमाग रांग आपोआप लागत नाही. अमेरिकेत या समाजातील विद्यार्थ्यांना पद्धतशीरपणे वैद्यकीय शिक्षणात आणणारा नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा कार्यक्रम १९७३ मध्ये सुरू झाला, म्हणजे सुझनच्या पदवीनंतर ८४ वर्षांनी. आणि २०२० मध्ये ओक्लाहोमातील ताहलेक्वा येथे चेरोकी नेशनच्या भूमीवर, त्यांच्याच आरोग्यसेवेच्या आवारात, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील पहिली तुकडी २०२४ मध्ये बाहेर पडली. तापीतीर यांनी मांडलेल्या समाजाच्या आवाजाच्या मुद्द्याशी हे थेट जोडलेले आहे. जमातीने त्या महाविद्यालयासाठी स्वतः पैसा घातला आणि स्वतःची रुग्णालये विद्यार्थ्यांसाठी खुली केली.

---

शरयू

सर्वांचे मनापासून आभार. हंटरकाठ यांची दुभाष्याबद्दलची सूचना मी लिहून ठेवली आहे. माझा दुसरा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. आम्ही बाहेरून आलेले डॉक्टर रिकाम्या जागा भरत असल्यामुळे सरकारवरचा दबाव कमी होतो का? आणि तसे असेल, तर पर्यवेक्षकाची जागासुद्धा मी अडवून बसणे योग्य आहे का?

---

मध्यभूमी

मी नॉर्दर्न टेरिटरीमध्ये ॲबोरिजिनल समाजाच्या ताब्यातील आरोग्यसेवेत काम करते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते होय असे आहे, परंतु त्यावरून तुम्ही मागे हटावे असे मात्र निघत नाही.

दुर्गम भागातील टंचाई परदेशी डॉक्टरांनी भरून काढायची, हे येथील धोरण जुने आहे आणि सरकारला ते स्वस्त पडते. डॉक्टर घडवायला शाळेपासून फेलोशिपपर्यंत दीड-दोन दशके लागतात, तर व्हिसा काही महिन्यांत देता येतो. म्हणून पहिल्या कामाला पैसा कमी आणि घोषणा अधिक मिळाल्या. अलीकडे मात्र २०२६ पासून पात्र ठरलेल्या आदिवासी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी सरकारी अनुदानाच्या जागांवरील मर्यादा उठवण्याचा निर्णय जाहीर झाला आहे. त्याचे मी स्वागत करते, पण त्याचा सरळ अर्थ असा की काही वर्षांनी प्रशिक्षणासाठी येणाऱ्या ॲबोरिजिनल डॉक्टरांची संख्या वाढेल आणि त्यांना शिकवण्यास पात्र माणसे लागतील. लहान गावांत आज ती पात्रता असलेली माणसे बहुतांशी तुमच्यामाझ्यासारखीच आहेत. तुम्ही नकार दिलात तर ती विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी सिडनीला जाईल आणि तेथेच स्थिरावेल.

तुम्ही ज्या संस्थेत काम करता ती खासगी आहे असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. जवळच्या ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिसशी संबंध जोडा. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात लोकांनी स्वतःची पहिली अशी सेवा सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा एकही डॉक्टर नव्हता. बाहेरचे डॉक्टर येऊन काम करत, पण नियामक मंडळ समाजाने निवडलेले असे. आज देशभरात अशा १४० हून अधिक संस्था आहेत. बाहेरचा डॉक्टर आणि स्थानिक समाज यांचे नाते कसे असावे याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही: आपण काम करायचे, आणि आपल्या कामाबद्दल जाब विचारण्याचा अधिकार त्यांच्याकडे असायचा. आमच्या नियामक मंडळात बहुतेक आज्या आहेत. वेळ पाळली नाही किंवा रुग्णाशी घाईने बोलले, तर त्या मला बोलावून सांगतात.

ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर, म्हणजे समाजातूनच आलेले प्रशिक्षित आरोग्यसेवक, यांनाही विसरू नका. २०१२ पासून त्यांची देशपातळीवर नोंदणी होते, गावात त्यांनाच सगळे ठाऊक असते, आणि त्यांच्यापैकी किंवा त्यांच्या मुलांपैकी काहींना पुढे डॉक्टर व्हायचे असते. त्यांना कोणी विचारत नाही, ही खरी उणीव आहे.

आता अगदी व्यवहाराचे. होकार देताना विद्यापीठाकडून काही गोष्टी लेखी घ्या. समाजात कोणी वारले की ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे शोकविधींसाठी दिवसेंदिवस दूरच्या गावी राहावे लागते, आणि नाते आपल्याला लांबचे वाटले तरी त्यांच्या रीतीने ते सख्खे असते. ही रजा हजेरीतून वजा होता कामा नये आणि बुडालेले काम भरून काढण्याची सोय आधीच ठरलेली असावी. गावात भाड्याचे घर मिळत नाही, म्हणून राहण्याची व्यवस्था कोण करणार हे नक्की करा. बऱ्याच विद्यार्थ्यांना मुले असतात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते. त्यांना एकट्याने येऊन राहता येईल असे गृहीत धरू नका. आणि तक्रार करायची झाल्यास ती तुमच्याकडे न येता दुसऱ्या एखाद्या ॲबोरिजिनल व्यक्तीकडे जाईल, अशी तरतूद मागा, कारण पर्यवेक्षक कितीही चांगला असला तरी मूल्यमापनही त्याच्याच हातात असते.

---

शरयू

मध्यभूमी, आपले उत्तर मिळाल्यावर मी होकार कळवायचे ठरवले आहे. रजा, राहण्याची सोय आणि तक्रारीची स्वतंत्र वाट या तीन गोष्टींचे पत्र विद्यापीठाला या आठवड्यात पाठवते. जवळच्या मेडिकल सर्व्हिसच्या मंडळाला भेटण्यासाठी वेळ मागितली आहे. आठवड्यातून एक दिवस विद्यार्थिनी आणि मी दोघींनीही त्यांच्याकडे काम करावे, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवणार आहे. अशी विभागणी मेडिकेअरच्या नियमांत कशी बसवली, याचा अनुभव येथे कोणाला असल्यास कृपया लिहावे.